वयानं मोठ्या ऑपरेटरला चूक कशी सांगायची? (मशीन शॉप, शिरोली)

दुसरी_पाळी

शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, दोन महिने झाले. दुसरी पाळी, आठ सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), पाच ऑपरेटर. कास्ट आयर्नचं हाउसिंग चालतं, बोअर (आतलं गोल भोक) ६२ एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मि.मी. एक ऑपरेटर २४ वर्षांचे अनुभवी, वय पन्नाशीच्या पुढं, सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रेनी असताना मी त्यांच्याच हाताखाली होतो. ते दोन मशीन एकत्र चालवतात.

तीन आठवड्यांत त्यांच्या एका मशीनवर ११ जॉब (नग) ओव्हरसाइज गेले. कंट्रोल प्लॅनप्रमाणे (क्वालिटीनं ठरवलेली तपासणी) दर दहाव्या जॉबला बोअर मोजायचा आहे. त्यांच्या शीटवर कधी पंचविसाव्याला, कधी तिसाव्याला नोंद दिसते. एकदा पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर बोललो, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग रिजेक्ट जॉबचा फोटो मशीन नंबरसकट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर प्रकरण जास्तच चिघळलं.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "शिफ्टवर तुझा कंट्रोल नाही." यातून नेमकं काय घ्यायचं आणि काय सुधारायचं?

मामांचा अपमान करायचा नाही, पण रिजेक्शन थांबलं पाहिजे. कसं बोलावं?

बोअरगेज_उद्यमनगर

बोलायच्या आधी एक काम करा. ते ११ रिजेक्शन टॅग आणि मापाची शीट शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक खराब जॉबचा अनुक्रमांक काढा आणि इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी टीप) किती वाजता, कितव्या जॉबला बदलला तेही त्याच कागदावर मांडा. हे केल्याशिवाय मामांकडं जाऊ नका. कदाचित तुम्ही चुकीचीच चूक सांगायला निघाला असाल.

कारण सांगतो. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो. म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनमध्ये भरायचा आकडा) थोडा थोडा प्लस करत नेतो, ०.००५, परत ०.००५. पाळीत असं चार-पाच वेळा झालं की ऑफसेटमध्ये दोन-अडीच शतांश साठलेले असतात. मग नवीन इन्सर्ट किंवा त्याच इन्सर्टचा दुसरा कोपरा लावला आणि साठलेला ऑफसेट तसाच राहिला, तर पहिलाच जॉब तेवढ्यानं मोठा येतो. त्यात इन्सर्टच्या स्वतःच्या मापात थोडा फरक असतोच. बोअर लहान राहिला तर जॉब परत लावून घेता येतो, मोठा झाला की सरळ भंगार. तुमचे सगळे ओव्हरसाइजच आहेत, एकही अंडरसाइज तुम्ही लिहिलेला नाही. "दर दहाव्याला मोजत नाहीत" हे एकच कारण असतं तर झिजेमुळं अंडरसाइजही दिसायला हवे होते. मला तरी हे इन्सर्ट बदलाचं दुखणं वाटतंय.

दुसरं, माप. मशीनमधून काढलेला गरम जॉब लगेच मोजला आणि तो मास्टर रिंगपेक्षा (गेज झिरो करायची अचूक मापाची रिंग) १० अंशांनी गरम असला, तर ६२ मि.मी.वर कास्ट आयर्न सुमारे ७ मायक्रॉन (मि.मी.चा हजारावा भाग) फुगलेलं असतं. तुमचा सगळा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३० मायक्रॉनचा. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा नुसत्या उष्णतेत गेला. मामा गरम मोजतात आणि इन्स्पेक्टर गार झाल्यावर मोजतो, असं असेल तर दोघांची मापं जुळायची नाहीत आणि भांडण फुकटचं. एकच जॉब घ्या, एकच बोअर गेज, एकाच रिंगवर झिरो करा. आधी मामांना मोजू द्या, मग इन्स्पेक्टरला, आकडे एकमेकांना न दाखवता. असं तीन जॉबवर करा. फरक ५ मायक्रॉनच्या वर गेला तर आधी गेज आणि पद्धत बघा, माणूस नंतर.

तिसरं, वेळ. स्टॉपवॉच घेऊन त्या दोन मशीनजवळ अर्धा तास उभे राहा. समजा कटिंग १०० सेकंद आहे आणि जॉब काढणं, हवा मारणं, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढणं, नवीन लावणं यात ५० सेकंद जातात. म्हणजे दर १५० सेकंदांत दोन मशीनचे मिळून १०० सेकंद हात गुंतलेलाच. उरले ५०. त्यातच दोन मशीनमधली ये-जा आणि ट्रॉली ओढणं. बोअर पुसून, गेज रिंगवर बघून, दोन खोलींवर दोन दिशांनी मोजायला मिनिटभर लागतो. म्हणजे प्रत्येक मापाला एक मशीन थांबतं. टार्गेट लावताना तो मिनिट धरलाय का? नसेल, तर माणूस माप सोडणार आणि टार्गेट पाळणार, कारण टार्गेट रोज विचारलं जातं.

कागल_ट्रेनिंग

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आकडे हातात आल्यावर प्रत्यक्ष बोलण्याबद्दल लिहितो.

जागा. मशीनशेजारी बोलू नका. तिथं कॉम्प्रेसर आणि स्पिंडलच्या आवाजात तुम्हाला ओरडून बोलावं लागतं. शब्द कितीही नीट असले तरी चार मशीनपलीकडच्या माणसाला दिसतं ते एवढंच की सुपरवायझर मामांवर ओरडतोय. केबिनमध्येही बोलावू नका, आपल्याकडं केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मेमो असं समीकरण आहे. इन्स्पेक्शन टेबल सगळ्यात बरं. जॉब समोर असतो, उजेड असतो, दोघंही उभे असतात आणि दोघांचं लक्ष जॉबवर असतं.

वेळ. पाळी बदलतानाची गडबड नको. शेवटची वीस मिनिटंही नको, तेव्हा डोक्यात घर असतं. पगाराचा दिवस नको. पहिला जॉब पास झाल्यावर अर्ध्या तासानं किंवा चहानंतर बोला. त्या वेळात त्यांच्या दोन मशीनवर दुसरा माणूस उभा करा. तेवढंही केलं नाही तर ते अर्धं लक्ष मशीनकडं ठेवूनच ऐकणार. पाच मिनिटं पुरे. आणि घटना दोन दिवसांच्या आतली असावी. तीन आठवड्यांचं गाठोडं एकदम सोडलं की माणूस ऐकत नाही, बचाव करतो.

शब्द. "तुम्ही मोजतच नाही" हा त्यांच्या स्वभावावरचा शेरा झाला. चोवीस वर्षं मोजत आलेल्या माणसाला तो लागणारच. त्याऐवजी असं बोला:

"मामा, मंगळवारचा ४१ नंबरचा जॉब ६२.०३८ आलाय. त्याच्या आधीची नोंद ३० नंबरला आहे, ६२.०१८. मधल्या दहा जॉबमध्ये काय झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड जातं. पाच-सहा सेकंदांची शांतता तासाएवढी वाटते आणि नवीन सुपरवायझर स्वतःच उत्तर देऊन टाकतो. देऊ नका. "इन्सर्ट बदलला होता" किंवा "दोन नंबर मशीनची चिप (धातूचा कीस) अडकली होती, तिकडं होतो" हे त्यांच्या तोंडून आलं तरच पुढचं बोलणं खरं होतं.

"तुमचं काम चांगलंच आहे, पण..." अशी सुरुवात टाळा. "पण" ऐकलं की आधीचं कौतुक खोटं ठरतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही मनापासून चांगलं म्हणालात तरी माणूस "पण"ची वाट बघत राहतो. कौतुक वेगळ्या दिवशी करा आणि तेही आकड्यासकट: "कालच्या पाळीत १६० जॉब, सगळे ६२.०१० ते ६२.०२२ मध्ये." नुसत्या "लय भारी मामा" मधून काय बरं झालं ते कळत नाही.

शेवटी एकच गोष्ट ठरवा. तीन नको. ती शीटवर दोघांसमोर लिहा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघा. नवे सुपरवायझर इथंच सुटतात. सांगून झालं की काम संपलं असं त्यांना वाटतं. चौथ्या दिवशी कुणी बघितलं नाही की ऑपरेटर समजतो, साहेबांचा राग उतरला.

आणखी एक. आपल्याकडं बोलणं रांगडं असतं, थट्टेत सांगायची सवय असते. "काय मामा, चष्मा बदला की आता!" चार पोरं हसतात, मामाही हसतात. पण त्यांनी करायचं काय ते त्यात कुठंच नसतं, आणि घाव मात्र राहतो. शिवाय चष्म्याचं कारण खरंही असू शकतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं आणि डायलवरचा एक घर इकडं-तिकडं वाचला जातो. त्यांना एकट्याला विचारू नका. चाळिशीवरच्या सगळ्यांची डोळे तपासणी एकाच दिवशी ठेवा आणि टेबलावरची ट्यूब बदलून घ्या.

पहिली_पाळी_गोशि

झोपेचंही विचारा. आपल्याकडचे निम्मे ऑपरेटर शेती असलेले. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत असेल त्या आठवड्यात माणूस मध्यरात्री मोटर चालू करायला उठतो आणि तसाच कामावर येतो. खराब जॉबच्या तारखा आणि तो आठवडा जुळतोय का बघा. जुळत असेल तर चूक सांगून उपयोग नाही. त्या आठवड्यापुरतं त्यांना एकच मशीन द्या.

गार्ड_बंद_ठेवा

एका बाबतीत वरचं सगळं बाजूला ठेवायचं: सुरक्षा. चक-की (जॉब पकडणाऱ्या चकची चावी) चकमध्ये राहिली, फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घातलेले दिसले, दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी कळ) बांधून ठेवलेला दिसला, तर इन्स्पेक्शन टेबल नाही, चहानंतर नाही. तिथल्या तिथं, मोठ्यानं, मशीन बंद. समोर कोण आहे हे बघायचं नाही. का थांबवलं ते दहा मिनिटांनी शांतपणे सांगा.

आणि सूचना व मेमो यांची सरमिसळ करू नका. "मामा, नाहीतर लेखी द्यावं लागेल" असं बोलण्याच्या ओघात निघालं की ती सूचना राहत नाही, धमकी होते. लेखी कारवाईचा रस्ता वेगळा आहे, त्यात माणसाला आरोप लेखी कळवून बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि ते काम एचआरचं आहे. तुम्ही सुधारणेसाठी बोलताय की नोंदीसाठी, हे टेबलाजवळ जाण्याआधी ठरवा.

कागल_ट्रेनिंग

बरोबर आहे, ते माझ्याकडून राहिलं होतं.

व्हॉट्सअॅपबद्दलही लिहितो. ग्रुपवर दोष टाका, माणूस नको. फोटोत बोअर, ड्रॉइंगचं माप, आलेलं माप आणि "इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब तपासा" एवढंच. मशीन नंबर आणि पाळी दोन्ही दिसलं की नाव लिहिल्यासारखंच होतं, शॉपमध्ये कोणत्या मशीनवर कोण हे सगळ्यांना पाठ असतं. भिंतीवर नावं लाल शाईत लिहायचा फळा असेल तर तोही काढा. ज्याचं नाव एकदा लाल झालं तो पुढच्या वेळी खराब जॉब टॅग न लावता भंगाराच्या ट्रॉलीत खाली सरकवतो. मग रिजेक्शन कागदावर कमी दिसतं आणि गिऱ्हाइकाकडून परत येतं.

टाकलेल्या फोटोचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तो तुम्हालाच निस्तरावा लागेल. जिथं अपमान झाला तिथंच मागं घ्यायचा असतो. ग्रुपवर दोन ओळी: "परवाचा फोटो मी कारण न तपासता टाकला होता. तसं करायला नको होतं." स्पष्टीकरण जोडू नका.

मीटिंग_नंतरची_नोंद

दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो.

"कंट्रोल नाही" या वाक्यावर काम करता येत नाही. त्यात आकडा नाही, तारीख नाही, कृती नाही. मामांना "तुम्ही मोजतच नाही" हे जसं लागलं, तसंच हे तुम्हाला लागलंय. पण मॅनेजरना बोलायची पद्धत शिकवत बसू नका. त्यांच्याकडून नेमकी गोष्ट काढून घ्या.

मीटिंगमध्ये काही बोलू नका. "लिहून घेतो साहेब, उद्या येऊन भेटतो" एवढंच. ऐकल्या ऐकल्या तोंडातून निघतं ते उत्तर बचावाचंच असतं: माणसं कमी होती, लाईट गेली होती. खरं असलं तरी त्या क्षणी सबब वाटतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन जा आणि विचारा: "साहेब, कंट्रोल नाही म्हणालात तेव्हा कुठली घटना डोळ्यासमोर होती?" बहुतेक वेळा एक-दोनच घटना निघतात. पाळी बदलताना मशीन पंधरा मिनिटं बंद दिसली असतील, किंवा रिजेक्शनचा आकडा तुमच्याऐवजी क्वालिटीकडून आधी कळला असेल. ती तुमच्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे रिजेक्शन पाळी संपायच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळावं, बरोबर?" हो म्हणाले की मग विचारा, "पंधरा दिवसांनी काय दिसलं तर सुधारलं म्हणाल?" हा प्रश्न सोडू नका. नाहीतर पुढच्या महिन्यात तेच वाक्य परत ऐकाल.

त्यातलं पटलं नाही तर? अर्धं घ्या. टीका करणारा रागात होता किंवा त्याचा सूर वाईट होता म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. वहीत दोन रकाने करा, एकात मुद्दा आणि दुसऱ्यात सूर. दुसरा रकाना घरी न्यायचा नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायामुळं काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी उलट बिघडलं. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर, "मी कसा आहे" यावर गेलं की परिणाम घसरतो. "४१ नंबरचा जॉब" आणि "कंट्रोल नाही" यांत नेमका हाच फरक आहे.

ऑपरेटरकडून तुम्हाला अभिप्राय हवा असेल तर "काही अडचण?" असं विचारू नका, "नाही साहेब" एवढंच येईल. "सेटिंग बदलताना माझ्यामुळं कुठं वेळ जातो?" असं विचारा आणि जे सांगतील त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात करून दाखवा. केली नाही तर पुन्हा कुणी सांगणार नाही.

दुसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. टॅग आणि शीट जुळवली. ११ पैकी ७ जॉब इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले किंवा दुसरे आहेत. उरलेले ४ मधलेच, तिथं माप राहिलेलं दिसतंय. गेजचा फरक दोघांत ३ मायक्रॉनपर्यंत आला. म्हणजे बहुतेक ठिकाणी मी चुकीचं कारण धरून बोललो. आता मामांकडं कोणत्या तोंडानं जायचं? आणि त्या ४ जॉबचं सोडून द्यायचं का?

बोअरगेज_उद्यमनगर

हाच कागद घेऊन जा. "मामा, मी माप राहतंय म्हणत होतो. अकरातले सात इन्सर्टचे निघाले. माझं बघायचं राहिलं होतं." एवढं सरळ. आणि लगेच त्यांच्याकडून शिका: "इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट किती मागं घ्यायचा, तुम्ही सांगा, मी लिहितो." त्यांना हे माहीत असणार, फक्त शीटवर कुठंच नसणार. नसेलच, तर दोघं मिळून ठरवा. साधारण असं: इन्सर्ट बदलला की वेअर ऑफसेट व्यासात ०.२० कमी करायचा, पहिला कट घ्यायचा, जॉब चकमध्येच ठेवून बोअर पुसून मोजायचा, फरक ऑफसेटमध्ये भरायचा, तोच जॉब परत फिनिश करायचा. मग पुढचा जॉब टेबलावर नेऊन मोजायचा आणि पास झाल्यावरच गाडी पुढं न्यायची. एका बदलाला पाच-सहा मिनिटं जातील. ती टार्गेटमधून वजा करायला मॅनेजरची सही घ्या. ही सही आणलीत की "कंट्रोल"च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळेल.

आणि ते चार जॉब सोडायचे नाहीत. सात ठिकाणी आपण चुकलो म्हणून उरलेल्या चारांवर गप्प बसणं हा मामांवरही अन्याय आहे. फक्त त्याच बैठकीत नको. इन्सर्टची पद्धत आठवडाभर चालू द्या, मग टेबलाजवळ: "मामा, हे चार उरलेत. दर दहाव्याला मोजायला दोन मशीनवर जमत नसेल तर सांगा, दर पंधराव्याला चालेल का ते मी क्वालिटीला विचारतो. पण जे ठरेल ते शीटवर दिसलं पाहिजे." क्वालिटीनं कंट्रोल प्लॅन बदलेपर्यंत दहावाच धरायचा, हेही तेव्हाच सांगून ठेवा.